सरळ म्हणजे बंद

बोटीवरचा संडास मी हौसेने बदलायला घेतला नव्हता. दादाशी कचाकचा भांडून घेतला होता.

बाबा बोटीवर एकटे राहतात. आई जाऊन नऊ वर्षं झाली. पूर्वी आम्ही चौघंही तिथेच राहायचो. मी आणि माझा मोठा भाऊ त्या बोटीवरच लहानाचे मोठे झालो. दादाने लग्न झाल्या झाल्या जमिनीवर घर घेतलं, तेही थेट सातव्या मजल्यावर. मी नळजोडणीची कामं करते. लोकांचे तुंबलेले पाइप, गळक्या टाक्या, फुटके कमोड, दिवसभर हेच. माझं तोंड तिखट आहे असं सगळे म्हणतात. दुसऱ्यांच्या संडासात डोकं घालून पोट भरणाऱ्या बाईचं तोंड गोड कसं राहील, तुम्हीच सांगा.

दोन महिन्यांपूर्वी बाबा त्या संडासात पडले. जुना, हातपंपाचा संडास. भांड्याच्या बाजूला उभा दट्ट्या. एकदा बसून उठलं की तो तीस वेळा खालीवर करायचा, तेव्हा कुठे सगळं समुद्रात जायचं. बाबांचं वय एकोणऐंशी. दट्ट्या मारता मारता चक्कर आली आणि भांडं आणि भिंत यांच्यामध्ये अडकून पडले. दोन तास! भिंतीवर ठोकत राहिले तेव्हा धक्क्यावरच्या रखवालदाराला ऐकू गेलं.

दादा त्याच दिवशी म्हणाला, "बास झालं. बाबा माझ्याकडे येतील."

"ते त्या पंपामुळे पडले," मी म्हटलं.

"आज पंप, उद्या शिडी, परवा आणखी काही. तू काय काय बदलणार आहेस?"

"आधी पंप काढते. बटणाचा बसवते. मग बोल."

दोन महिने हेच चाललं. गेल्या आठवड्यात भांडण इतकं वाढलं की वहिनी गॅस बंद करून आतल्या खोलीत निघून गेली. शेवटी दादा म्हणाला, "ठीक आहे. रविवारी चार वाजता येतो. बाबांनी माझ्यासमोर, कोणाच्या मदतीशिवाय तो वापरून दाखवायचा. जमलं तर मी हा विषय परत काढणार नाही. नाही जमलं तर त्याच संध्याकाळी सामान माझ्या गाडीत."

आता बोला. एकोणऐंशीव्या वर्षी माणसाची संडासाची परीक्षा! पण मी हो म्हटलं. कारण बाबांना सातव्या मजल्यावर नेऊन ठेवलं तर ते खिडकीपाशी बसून बसून संपतील, हे मला स्वच्छ दिसत होतं.

रविवारी सकाळी आठला मी खोकं घेऊन बोटीवर गेले. बाबा वरच्या फळीवर बसून बूट घासत होते.

"हा संडास तुझ्यापेक्षा वयाने मोठा आहे," ते खोक्याकडे बघत म्हणाले.

"म्हणूनच त्याला रिटायर करतेय."

"मग मलाही कर."

"त्यासाठी दादा येतोय चारला. तुम्ही आपले बूट घासा."

हसले. हसल्यावर त्यांचा चेहरा अजूनही एखाद्या वात्रट पोरासारखा होतो.

खरं तर असलं काम बोट पाण्याबाहेर काढून करतात. पण क्रेनची यादी दीड महिन्याची, आणि दादाने मला दिला होता एक आठवडा. पाण्यात करता येत नाही असं नाही. संडासाचे दोन पाइप बोटीच्या बुडातून बाहेर जातात. एक बारीक, समुद्राचं पाणी आत घ्यायचा. दुसरा मनगटाएवढा, घाण बाहेर टाकायचा. दोघांच्याही मुळाशी एकेक व्हॉल्व्ह. ते दोन्ही नीट बंद असले की वर हवं ते उचकटा. बंद नसले तर मात्र बुडाला पडलेलं ते भोक आहे, आणि पाणी कोणाची ओळख ठेवत नाही.

त्या जागेत एक माणूस जेमतेम मावतो. मी गुडघे छातीशी घेऊन बसले आणि कामाला लागले. बारीक पाइपाचा व्हॉल्व्ह समोरच होता, पटकन बंद झाला. चार बोल्टांपैकी तीन तेल सोडल्यावर निघाले. चौथ्याने छळलं. पाना घसरून माझी बोटं दोनदा सोलली. शेवटी लोखंड कापायची करवत घेऊन त्याचं डोकंच उडवलं. त्यात साडेबारा वाजून गेले. भांडं सुटलं, ते मी दाराबाहेर सरकवलं. बाबांनी ते शिडीवरून दोरीने वर ओढून घेतलं आणि वर बसून घासायला घेतलं. टाकून द्यायची वस्तू कोणी घासतं का?

राहिला जाडा पाइप. त्याचा व्हॉल्व्ह फरशीच्या फळीखाली, एका खोबणीत. दिसत नाही, कोपरापर्यंत हात घालून चाचपावा लागतो. आणि हा व्हॉल्व्ह उलटा आहे.

जगात सगळीकडे व्हॉल्व्हचा दांडा पाइपाच्या रेषेत सरळ असला की चालू, आणि आडवा केला की बंद. आमच्या बोटीवर तो तसा फिरवला तर दांडा बुडाच्या लाकडाला आपटायचा. म्हणून बाबांनी मी जन्मायच्या आधीच दांडा काढून पाव फेरा फिरवून बसवला. तेव्हापासून आमच्या घरात आडवा म्हणजे चालू आणि सरळ म्हणजे बंद. मी सहा वर्षांची असल्यापासून हे घोकलंय. बोट कुठेही निघायची असली की मला नाहीतर दादाला फळीखाली हात घालायला पाठवायचे, आणि आई स्वयंपाकाच्या ओट्यापाशी उभी राहून ओरडायची, "सरळ केलास का?" आम्ही ओरडायचो, "सरळ केला!" तीनदा विचारायची. तिसऱ्यांदा उत्तर दिल्याशिवाय बाबा इंजिन चालू करत नसत.

मी हात घातला. दांडा आडवा.

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. काल फोनवर दोनदा बजावलं होतं की मी यायच्या आधी दोन्ही व्हॉल्व्ह बंद करून ठेवा.

"बाबा! हाही चालूच ठेवलात की!" मी खालून ओरडले.

"हो हो," वरून आवाज आला. ब्रशचा खरखराट चालूच होता. बाबा सगळ्यालाच हो हो म्हणतात.

मी दांडा सरळ केला. तो हाताला जरा आखूड लागला. वाटलं, लहानपणचा हात लहान होता, म्हणून दांडा मोठा वाटत असेल.

पाइप सोडण्याआधी क्लिप सैल करायची, पाइप हलवायचा, थेंब येतो का बघायचं आणि लाकडी बूच हाताशी ठेवायचं. माझ्या कामावर नवीन माणूस आला की पहिल्या दिवशी मी हेच शिकवते, आणि विसरला तर त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करते. क्लिप मी सैल केली. पाइप हलवला, हलेना. आत वर्षानुवर्षांचा चुना साचून दगड झाला होता. थेंबही आला नाही. बूच दाराबाहेर पेटीत होतं. एक वाजून दहा मिनिटं झाली होती. म्हटलं, घरचाच तर व्हॉल्व्ह आहे. सुरी घेतली, रबरी पाइप उभा चिरला आणि ओढला.

पाणी माझ्या तोंडावरच आलं. मला आधी कळेचना काय झालं ते. खोबणीतून मनगटाएवढा लोट उसळला, फळी उचलली गेली, बॅटरी विझली. मी आंधळ्यासारखा हात घालून दांडा शोधला. सरळ होता. सरळ म्हणजे बंद! अजून दाबला, पुढे जाईना. म्हणजे पाणी अडवणारा आतला गोळाच तुटला, असं मला वाटलं. मी तळहात व्हॉल्व्हच्या तोंडावर दाबला. धार अडली, पण कडेने पाणी येतच राहिलं. तोवर माझ्या कमरेपर्यंत सगळं भिजलं होतं. बुडातलं पाणी उपसायचा पंप आपोआप सुरू झाला आणि घरघरायला लागला.

"बाबा! बूच! पेटीतलं बूच द्या!"

ब्रश थांबला. मग शिडीवर पाऊल. एक पाऊल, मग दुसरं. त्यांच्या गुडघ्याला घाई ठाऊकच नाही. मी मनात म्हणत होते, पडू नका, बाबा, आज पडू नका. हात काढला तर बोट भरते, नाही काढला तर बूच मिळत नाही. असली लाचारी मी जन्मात अनुभवली नव्हती.

बाबा दारात आले. पेटीकडे त्यांनी बघितलंही नाही. चौकट धरून हळूहळू गुडघ्यांवर बसले आणि बाही वर करायला लागले.

"बूच, बाबा! बूच!"

"जरा सरक."

"कुठे सरकू? व्हॉल्व्ह तुटलाय!"

"सरक म्हणतो ना." त्यांनी माझ्या दंडावरून आपला हात खाली घातला. त्यांच्या दाढीचे खुंट माझ्या गालाला टोचले. त्यांचा हात दांड्यापाशी गेला आणि दांडा आडवा व्हायला लागला.

"अहो, काय करताय? तो चालू होतोय!" मी किंचाळले.

"आता काढ हात."

"नाही काढणार!"

"भिंगरे, काढ हात."

भिंगरी हे माझं लहानपणचं नाव. मी हात काढला. तिथून दोन थेंब आले आणि काहीच नाही.

घोट्यापर्यंतच्या पाण्यात आम्ही दोघं तसेच बसून राहिलो. पंप घरघरत होता.

"आडवा म्हणजे बंद," बाबा म्हणाले. "आता जगासारखं आहे. दांडा अर्धा कापून परत पाव फेरा फिरवून बसवला, मग लाकडाला लागत नाही."

"कधी कापलात?"

"थंडीत. सांगितलं होतं ना मी तुला. फोनवर. तू म्हणालीस, बरं केलंत."

त्यांनी सांगितलं नव्हतं. तो व्हॉल्व्ह बदलला असं मला कोणी सांगितलं असतं तर मी शंभर प्रश्न विचारले असते, आणि त्याच दिवशी येऊन बघितलं असतं. पण बाबा माझ्याकडे इतक्या खात्रीने बघत होते की क्षणभर मला माझाच संशय आला.

"का कापलात, बाबा?"

ते ओल्या बाहीचं पाणी पिळत बसले.

"पाइपाचं वरचं टोक साफ करायला सोडलं होतं. घातला हात, आणि आठवेचना. सरळ की आडवा? दांडा हातात धरून बसलो. वाटलं, आता तुझी आई हाक मारेल, मग आठवेल." त्यांनी बाही परत पिळली. "पाणी पायाला लागलं तेव्हा भानावर आलो. मग दोन्हीकडे फिरवून बघितला. दुसऱ्या दिवशी करवत घेतली. म्हटलं, मला आठवो न आठवो, कोणीही आलं तरी त्याला बंद करता आला पाहिजे."

मला रडू फुटलं. आधीच इतकी भिजले होते की त्यांना कळलं नसावं.

"आणि गॅस?" मी विचारलं. का विचारलं देव जाणे.

"त्याचं लिहून ठेवलंय," ते लगेच म्हणाले.

मी उठून ओट्यावरचं कपाट उघडलं. दाराच्या आतल्या बाजूला, बाहेरून दिसू नयेत अशा, चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. बाबांचं ते रेखीव अक्षर. 'गॅस बंद. परत बघ.' 'सकाळची गोळी घेतली तर डबी उलटी ठेव.' आणि सगळ्यात खाली, 'ती गेली आहे. ताट एकच.' मी कपाट लावून टाकलं.

"दादाला सांगू नकोस," मागून बाबा म्हणाले.

"आधी हे बसवू या. दोन वाजायला आले."

मग आम्ही दोघांनी मिळून तो संडास बसवला, आणि खरं सांगते, इतका चांगला कामाचा जोडीदार मला कित्येक वर्षांत मिळाला नव्हता. मी पाना म्हणायच्या आत पाना हातात. नवा पाइप बसेना तर म्हणाले, टोक गरम पाण्यात बुडव. बुडवलं, बसला. खालचे बोल्ट त्यांनी नुसत्या बोटांनी चाचपून धरले. त्या हातांना सगळं ठाऊक होतं. मधेच एकदा त्यांनी विचारलं, "दादा किती वाजता येणार म्हणालीस?" मी म्हटलं चार. दहा मिनिटांनी परत तेच विचारलं. मी परत चार म्हटलं.

आधी मी अशा प्रश्नांकडे लक्षच देत नव्हते. म्हातारे झाले, विचारतात, असं वाटायचं. आता एकेक गोष्ट आठवून माझं डोकं भणभणायला लागलं.

चारला पाच कमी असताना दादा आला. माझे ओले कपडे बघून म्हणाला, "समुद्रात पडलीस की काय?"

"पाइप सुटला," मी म्हटलं.

बाबा ताडकन उठले, आत गेले, दार लावलं. आम्ही दोघं पन्नाशीची भावंडं बाहेर मान खाली घालून उभे. शेवटी गुर्रर्र असा आवाज झाला, पाणी फिरलं, गेलं. बाबा हात पुसत बाहेर आले.

"पास की नापास?"

दादाला हसू आलं. दोन महिन्यांत पहिल्यांदाच बघितलं मी त्याला हसताना. तो आत जाऊन बटण दाबून आला, मी भिंतीला बसवलेली आधाराची दांडी हलवून आला. मग बाबांच्या समोर बसला.

"हरलो," तो म्हणाला. "चांगलं केलंयस गं. पण एक विचारतो, भिंगरे. तू दर आठवड्याला इथे येतेस, मी येत नाही. बाबा इथे एकटे राहू शकतील, असं तुला मनापासून वाटतं ना? तू हो म्हण. मी आत्ता जातो, आणि हा विषय संपला."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. विनवणी वगैरे काही नव्हती त्या बघण्यात. त्यांना माझी खात्रीच होती. सगळ्या घरात मीच त्यांच्या बाजूची.

हो म्हणायलाच मी तोंड उघडलं, शप्पथ. मग वाटलं, मीच येऊन राहते म्हणावं. पण मी सकाळी सातला बाहेर पडणारी बाई. त्यांच्याकडे दिवसभर बघणार कोण?

"आज बोट बुडत होती, दादा," मी म्हटलं.

आणि मग सगळं सांगितलं. दांड्याचं, थंडीतलं, कपाटातल्या चिठ्ठ्यांचं. सांगताना माझा आवाज चढत गेला, जसं काही बाबांनी माझं काही वाकडं केलं होतं.

"चूक तिची होती!" बाबा मधेच म्हणाले. "बघितल्याशिवाय पाइप कापला तिने!"

"हो. चूक माझीच होती," मी म्हटलं. "तरीसुद्धा."

दादाच्या मनासारखं झालं होतं, पण त्याचा चेहरा बघवत नव्हता. तो उठला, कपाटाकडे गेला, दार उघडून उभा राहिला आणि बराच वेळ आमच्याकडे पाठ करून वाचत राहिला.

बाबा बाकावर बसले होते, ओल्या बाहीसकट. दोन्ही हात मांडीवर.

"पोरी," ते हळूच म्हणाले, "आज बोट कोणी वाचवली?"

"तुम्ही वाचवलीत, बाबा."

"मग?"

मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले. मला जागा व्हावी म्हणून ते थोडे सरकले, पण माझ्याकडे बघितलं नाही.